दारू पिणाऱ्याला शेवटी ठेवा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

प्रश्न असा आलाय, की सरकारी योजनेचा पैसा मर्यादित आहे तर आधी कुणावर उपचार करायचे हे लोकांनाच विचारून का ठरवू नये. विचारणाऱ्यांनी आपल्या राजारामपुरीतल्या मित्रांच्या ग्रुपवर पोलपण घेतलाय. त्यात बहुतेकांनी दारू पिऊन लिव्हर घालवलेला आणि तंबाखू खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला पेशंट एकदम खाली टाकलाय, सत्तरीच्या वरचे त्याच्या थोडे वर, आणि लहान पोरं आणि घरातला कमावता माणूस सगळ्यात आधी. आणि मग म्हणणं असं, की लोकांचं मत एवढं स्पष्ट आहे तर सरकार तसं का करत नाही.

मी मेडिकल सोशल वर्कर आहे. योजनेची कागदपत्रं, धर्मादाय दवाखान्यांत गरिबांसाठी राखलेले बेड, डायलिसिसचा नंबर, कुणाच्या घरात काय गहाण पडलंय, हे सगळं कोल्हापुरात बरीच वर्षं बघतेय, त्यामुळं जरा सविस्तरच लिहिते. थोडक्यात सांगायचं तर लोकांना विचारावंच, त्याशिवाय गत्यंतर नाही, पण पोलवर बोट दाबून जे येतं त्याच्यावर कुणाचा बेड ठरवायला माझा ठाम विरोध आहे, आणि तो का ते पुढं सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की प्राधान्य ठरवायचं का नाही हा प्रश्न आता शिल्लकच नाही, ते रोज ठरतंय. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र झाल्यावर २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर झालं आणि यादीत १३५६ उपचार आले. म्हणजे काही उपचार यादीत आले, काही राहिले, काही फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखले, आणि हे कुणीतरी बसून ठरवलंच ना. डायलिसिसचं घ्या. एका पेशंटला साधारण चार तास लागतात, आठवड्यातून तीनदा व्हायला पाहिजे, बऱ्याच जणांचं दोनदाच होतंय, मशीन ठराविक आणि शिफ्टही ठराविक. एखाद्याचं ट्रान्सप्लांट झालं, कुणी दुसऱ्या गावाला गेलं किंवा कुणी वारलं तरच नवीन माणसाला जागा, आणि रांगेतल्या प्रत्येकाला हे माहीत असतंय, कुणी तोंडानं बोलत नाही एवढंच. आणि सगळ्यात मोठं प्राधान्य तर खिशावर ठरतंय. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्य खर्चाच्या सरकारी हिशेबात, २०१३-१४ ला देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून गेलेला दिसतो, २०२१-२२ ला तो ३९.४ टक्क्यांवर आला, चांगलीच सुधारणा आहे, पण अजूनही शंभरातले चाळीसेक रुपये घरातूनच. म्हणजे ज्याच्याकडं गहाण टाकायला सोनं आहे त्याचा नंबर आधी लागतोय. हा नियम कुठल्याच पोलमध्ये कुणी निवडलेला नाही तरी तो सगळ्यात जोरात चालतोय.

आता लोकांचं मत काय असतंय त्याकडं येते. तुमच्या पोलमध्ये जे आलं ते जगभर येतं, त्यात कोल्हापूरकर वेगळे आहेत असं काही नाही. नॉर्वेत एरिक नूर्ड म्हणून संशोधक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात लोकांना विचारून विचारून दाखवलं की माणसं फक्त 'कमी पैशात जास्त फायदा' असा हिशेब करत नाहीत, जो जास्त गंभीर आहे त्याला आधी द्या म्हणतात, फायदा थोडा कमी झाला तरी चालेल. आपल्याकडं हे कुणाला शिकवायला नको. शाहू महाराजांची घोड्यांच्या चंदीची गोष्ट इथं शाळेतल्या पोरालापण पाठ असते, एकत्र टाकली की दांडगी घोडी सगळं खाऊन टाकतात आणि दुबळी मागं राहतात म्हणून दुबळ्यांना वेगळी चंदी. ओपीडीच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला जरा बोलतं केलं की तो हेच सांगतो, फक्त दुबळा कोण म्हणायचं यावर गाडी अडते. गरीब तो दुबळा, का सगळ्यात आजारी तो, का ज्याच्या मागंपुढं कुणी नाही तो? आणि दवाखान्यात हे तिन्ही बऱ्याचदा वेगवेगळे असतात.

एक अभ्यास मला फार आवडतो, पीटर उबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९९६ चा, अमेरिकेतला. त्यांनी असं विचारलं की गरिबांसाठीच्या योजनेत आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू करायची आहे, पैसे ठरलेले. एक तपासणी स्वस्त आहे, सगळ्यांना करता येते आणि १००० जीव वाचतात. दुसरी जास्त चांगली आहे पण महाग, त्यामुळं निम्म्यांनाच करता येते, निम्मे कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरणार, पण जीव ११०० वाचतात. कुठली घ्यायची? सामान्य लोकांपैकी ५६ टक्के म्हणाले पहिली, सगळ्यांना मिळणारी. वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांतले ५३ टक्केपण तेच म्हणाले. आणि असे निर्णय कसे घ्यायचे याचेच जे तज्ज्ञ, त्यांच्यातलेसुद्धा ४१ टक्के. शंभर जीव जास्त जातात हे दिसत असूनही माणसं म्हणाली की निम्म्यांना दार बंद करायचं नाही. याला अडाणीपणा म्हणणारे मी बघितलेत, मला तसं वाटत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना मिळालं आणि निम्म्यांना नाही तर मागं काय उरतं हे ज्यानं गावात राहून बघितलंय त्याला हे लगेच कळतंय. पण याची दुसरी बाजूही खरीच आहे, त्या शंभरातल्या एकाच्या घरी जाऊन तुम्ही हे तोंडावर सांगू शकाल का? म्हणून लोकांचं मत म्हणजे शेवटचा शब्द असंही मी म्हणत नाही.

लोकांच्या हातात सरळ निर्णयच दिला तर काय होतं याची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही मला दर वेळी अस्वस्थ करतात.

पहिलं अमेरिकेतल्या सिॲटल शहराचं. १९६० च्या सुमारास तिथं कायमचं डायलिसिस करता येऊ लागलं आणि मशीन थोडी, पेशंट भरमसाट. मग सात जणांची समिती नेमली, त्यात पाद्री, वकील, बँकवाला, गृहिणी, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी आणि एक सर्जन. कुणाला मशीन द्यायचं ते यांनी ठरवायचं. १९६२ ला एका मोठ्या मासिकानं हे छापलं तेव्हा देशाला कळलं की लग्न झालंय का, पोरं किती, कमाई किती, चर्चला जातो का, समाजाला उपयोग काय, असलं बघून माणसं निवडली जात होती. ती माणसं वाईट नव्हती हो, चांगलीच होती, पण त्यांना त्यांच्यासारखा दिसणारा माणूस जास्त लायक वाटला. शेवटी १९७२ ला अमेरिकेनं कायदा करून जवळजवळ सगळ्यांच्याच डायलिसिसचा खर्च सरकारकडं घेतला आणि ती निवडच संपवली. आपल्याकडं २०१६ ला पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला तो त्याच वाटेनं, फक्त आपलं मशीन आणि माणसांचं गणित अजून जुळलेलं नाही.

दुसरं अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्याचं. १९८७ ला त्यांनी गरिबांच्या योजनेतून अवयव आणि बोन मॅरो बदलण्याचा खर्च बंद केला आणि तो पैसा जास्त लोकांच्या साध्या उपचारांकडं वळवला. कागदावर अगदी शहाणा निर्णय. मग ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेला सात वर्षांचा पोरगा त्यात अडकला, घरचे वर्गणी गोळा करत होते आणि पैसे पुरे व्हायच्या आधी तो गेला. सगळा देश हलला. त्यावर राज्यानं ठरवलं की उघडपणे, लोकांना विचारून यादी करायची. गावोगाव सभा घेतल्या, फोनवर सर्व्हे केला, खर्च आणि फायद्याचं सूत्र लावलं आणि १९९० ला सोळाशेच्या वर ओळींची पहिली यादी आली. त्यात दातावर कॅप बसवणं हे गर्भ नळीत राहिल्यावरच्या ऑपरेशनच्या वर! म्हणजे जी बाई आज ऑपरेशन नाही झालं तर आज जाईल ती दाताच्या खाली, कारण कॅप इतकी स्वस्त की एका ऑपरेशनच्या पैशात पुष्कळ जणांना बसवता येते. ती यादी रद्द करून दुसरी केली, ७०९ ओळींची, आणि अंमल सुरू व्हायला १९९४ उजाडलं. आणि त्या सभांना आलेले बरेचसे लोक शिकलेले, त्यातही आरोग्य खात्यात काम करणारेच जास्त, ज्यांच्यासाठी योजना ते गरीब अगदी थोडे. आपल्या ग्रामसभेला कोण येतं आणि कोण रोजगार बुडतो म्हणून येत नाही हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मग लोकांना विचारायचं कसं, तर बसवून, वेळ देऊन, एकमेकांसमोर. कागल तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रयोग केला होता, तो सांगते. बहुतेक बायका शेतावर जाणाऱ्या, काही निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या. मी पाच चिठ्ठ्या ठेवल्या. आयसीयूचा बेड एकच आहे आणि दारात पाच जण आहेत. दोन लहान पोरांचा बाप असलेला रिक्षावाला, नातवंडं सांभाळणारी म्हातारी, कॉलेजची पोरगी, पेन्शन असलेले मास्तर आणि पिणारा एक पंचेचाळिशीचा माणूस. सांगितलं, लावा क्रम.

दोन मिनिटांत लागला. "त्या दारुड्याला काढा बाजूला, त्येनं हातानं करून घेतलंय." सगळ्यांचं एकमत. तेवढ्यात कोणतरी म्हणालं, तंबाखू खाणाऱ्यालापण तसंच पाहिजे. इथं एक म्हातारी, जी तोवर गप्प होती, ती म्हणाली, "मग आपुन सकाळी उठून मिश्री लावतोय त्येचं काय? उद्या माझ्या तोंडात काय उठलं तर मलाबी श्येवटीच टाकणार न्हवं?" सगळ्याजणी हसल्या आणि मग हसू थांबलं, कारण मिश्री लावत नाही अशी त्यात एखादीच असेल. मग कोपऱ्यात बसलेली एक तरणी बाई बोलली, "माझा नवरा पितोय. तुमच्यापेक्षा मला त्येचा राग जास्त हाय. पर त्यो मेला तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार, मीच की." यावर कुणालाच काही उत्तर सुचेना. त्यानंतर जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं, त्यांनी मी चिठ्ठीवर न लिहिलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. ह्यातलं आज कोण थांबू शकतंय? बेड दिला तर खरंच कोण वाचणार? मास्तरांना बाहेर न्यायला पैसा हाय तर त्यांना गाडी करून द्यायची का? म्हातारीच्या नातवंडांना कोण बघणार? म्हणजे डॉक्टर कॅज्युअल्टीत उभं राहून जे विचारतात त्याच प्रश्नांवर त्या स्वतः येऊन पोचल्या, आणि वर दोन प्रश्न असे होते जे डॉक्टर विचारत नाहीत. शेवटी एकमत काही झालं नाही, पण पिणारा तळातून वर आला होता आणि त्याला पहिल्यांदा बाजूला काढणाऱ्या बाईनंच त्याला वर घेतला होता.

हे फक्त आमच्या कागलच्या बायकांचं नाही. इंग्लंडात नॉर्थ यॉर्कशायरमध्ये पॉल डोलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ ला अगदी हेच तपासून छापलंय. साठ पेशंट निवडले, लहान लहान गट केले, पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा बसवलं. सुरुवातीला जवळजवळ निम्मे जण म्हणत होते की सिगरेट ओढणारे, फार पिणारे, नशा करणारे यांना मागं ठेवा, चर्चा झाल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना तसं करावंसं वाटेना. आणि हे निर्णय ज्यांना घ्यावे लागतात त्या व्यवस्थापकांबद्दलची त्यांची समजपण वाढली. म्हणून म्हणते, तुमच्या ग्रुपवरचा पोल खोटा नाही, पण तो पहिल्या दोन मिनिटांतला आहे.

आता 'स्वतःच्या हातानं केलं' या मुद्द्यावर जरा थांबते कारण माझा खरा जीव इथं अडकलाय. तुमच्या पोलमध्ये हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेला का नव्हता? आपल्या शहरात हेल्मेटची गोष्ट काढली की काय होतं माहीत आहे सगळ्यांना. डोक्याला मार लागलेला पेशंट आयसीयूत आठवडेच्या आठवडे राहतो, व्हेंटिलेटर, ऑपरेशन, नंतर घरी कायमचं बघावं लागतं, खर्च कुठल्या कुठं जातो. पण पोल घेणारे सगळे गाडीवर फिरणारे, हेल्मेट न घालणारे, म्हणून ती चूक यादीत आलीच नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची सवय गुन्हा वाटते आणि स्वतःची सवय नशीब. आणि वॉर्डात उभं राहून कुणाचं किती स्वतःमुळं झालं हे कोण मोजणार? शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीमध्ये धूळ खाऊन आलेला माणूस, जो वर विडीही ओढतो, त्याच्या फुप्फुसाचं किती विडीमुळं आणि किती फौंड्रीमुळं? पिणाऱ्याला दारूचं दुकान परवाना देऊन कुणी उघडून दिलं, त्यावरचा कर कुणाच्या तिजोरीत गेला, हे पण मग त्याच हिशेबात घ्यावं लागेल. लिव्हर ट्रान्सप्लांटच्या आधी बऱ्याच ठिकाणी काही महिने दारू सोडल्याचं बघतात, साधारण सहा महिने धरतात, त्यावर डॉक्टरांतच वाद आहेत, पण निदान तिथं विचारलेला प्रश्न वेगळा असतो, की नवीन लिव्हर टिकेल का आणि या काळात जुनं सुधारतंय का. पुढं उपयोग होईल का हे बघणं मला मान्य आहे, मागच्या वागण्याची शिक्षा म्हणून उपचार काढून घेणं मान्य नाही, आणि या दोन्हींची सरमिसळ केली की शेवटी मार खातो तो गरीबच, कारण श्रीमंत पिणारा योजनेच्या रांगेत उभाच राहत नाही.

वयाचं जरा अवघड आहे. तरुणाला आधी, म्हातारा आपलं आयुष्य जगलाय, हे जगात सगळीकडं लोक म्हणतात आणि म्हातारेपण म्हणतात. पण २०२१ च्या लसीकरणात आपण काय केलं आठवा, १६ जानेवारीला आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून ६० च्या वरचे आणि ४५ च्या वरचे आजार असलेले, १ एप्रिलला ४५ च्या वरचे सगळे आणि मग १ मेपासून १८ च्या वरचे. म्हातारे आधी! आणि माझ्या आजूबाजूला कुणाला ते अन्यायाचं वाटलं नाही, कारण मरायचा धोका त्यांना जास्त हे सगळ्यांना पटलं होतं. २०२३ ला केंद्रानं मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायची ६५ वर्षांची अट काढली, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, पेन्शनवाला असो नाहीतर शेतमजूर, ५ लाखांचं आयुष्मान कार्ड मिळायला लागलं. यातल्या शेवटच्या निर्णयावर माझं मन अजून दुभंगलेलं आहे, बंगल्यातल्या आजोबांना आणि झोपडीतल्या आजीला एकच कार्ड हे बरं वाटतं आणि खटकतंही. पण एक गोष्ट खात्रीनं सांगते. म्हातारी बाई जेव्हा म्हणते "माझं काय आता, पोराचं बघा", ते लोकमत म्हणून मोजू नका. ती आयुष्यभर शेवटी जेवलेली बाई आहे, तिला विचारायच्या आधीच ती मागं सरकते. आपल्याकडं जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे कुठल्याही सेंटरला विचारा. तिला बाजूला घेऊन, सून आणि मुलगा नसताना, पैशाचा विषय न काढता विचारलं की बऱ्याचदा वेगळंच उत्तर येतं: "जगायचं हाय की, नातीचं लगीन बघायचंय."

अजून एक लोकांचा कल आहे, समोर दिसणाऱ्या चेहऱ्याला धावून जायचं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या बाळासाठी १६ कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी सगळ्यांनी फोनवर बघितलीय, कोल्हापूरकरांनी सढळ हातानं पाठवलेत पैसे. सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात आधी २० लाख आणि २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदत आहे, म्हणजे अशा इंजेक्शनपुढं ती कुठंच पुरत नाही. १६ कोटीत किती डायलिसिस झाले असते हा हिशेब कुणीही करू शकतो आणि तो खरा आहे, पण वर्गणी देणाऱ्याला मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. बुडणाऱ्याकडं हात पुढं करणं ही आपल्यातली चांगली गोष्ट आहे. फक्त सरकारी पैसा ठरवताना ज्यांचा फोटो कुणी काढला नाही, गगनबावड्याच्या वाडीतली एखादी साप चावलेली बाई, तिचीपण आठवण ठेवणारं कोणतरी टेबलावर पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इतकी वर्षं लोकांना 'नाही' सांगून मला जे कळलंय ते असं, की माणूस नकार सोसतो पण वशिला सोसत नाही. एका डायलिसिस युनिटबाहेर, नाव घेत नाही, रोज भांडणं व्हायची. रांगेत नंबर असलेला माणूस दाराच्या काचेतून बघायचा की आत एक मशीन रिकामंच आहे आणि याला सांगतात जागा नाही. सरळ अर्थ निघायचा की कुणा पुढाऱ्याच्या माणसासाठी राखून ठेवलंय. खरं कारण असं होतं, की ते मशीन हिपॅटायटीस बी असलेल्या पेशंटसाठी वेगळं ठेवलेलं होतं, संसर्ग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ते दुसऱ्याला लावतच नाहीत. हे साधं कारण कुणी सांगतच नव्हतं, 'तुला काय कळतंय' म्हणून वाटेला लावायचे. मग दारावर मराठीत मोठ्या अक्षरात फलक लावला, कुठलं मशीन कशासाठी, प्रतीक्षा यादी कशी लागते, तातडीत कुणाला मधे घेतात आणि का, आणि नावं न लिहिता फक्त नोंदणी क्रमांक लावून रांग. मशीन एकही वाढलं नाही पण भांडणं ओसरली. उलट एकदा एका माणसानं फलक वाचून स्वतःच सांगितलं, "माझ्या मागच्याला पाणी चढलंय छातीत, त्याला घ्या आज." आणि फोनवरून मधे घुसवणाऱ्यांची खरी अडचण झाली, कारण आता सगळ्यांना दिसत होतं.

नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सॅबिन या दोघांनी १९९७ पासून हेच मांडलंय, की आधी कुणाला यावर समाजात एकमत होणार नाही, तेव्हा निदान निर्णयाची रीत अशी ठेवा की हरलेल्यालाही ती मान्य व्हावी. कारण जाहीर करा. कारण असं असू द्या की समंजस माणसाला ते विषयाला धरून वाटावं. दाद मागायची आणि निर्णय बदलायची वाट ठेवा. आणि हे सगळं पाळलं जातंय का ते बघणारं कोणतरी ठेवा. कोर्टांनीपण याच्या आसपासच विचार केलाय. दक्षिण आफ्रिकेत १९९७ ला सरकारी दवाखान्यानं डायलिसिस नाकारलं म्हणून डरबनच्या एका किडनी पेशंटनं तिथल्या घटना न्यायालयापर्यंत दाद मागितली, कोर्टानं नकार कायम ठेवला, कारण दवाखान्याचा नियम तर्काला धरून होता आणि सगळ्यांना सारखा लावला होता. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टानं ट्रेनमधून पडलेल्या बंगालच्या शेतमजुराच्या केसमध्ये सांगितलं की तातडीच्या पेशंटला सरकारी दवाखान्यानं जागा नाही म्हणून परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैशाची अडचण सांगता येणार नाही. मला या दोन निकालांत भांडण दिसत नाही. जीव जात असताना दार बंद करायचं नाही, आणि जिथं रांग लावावीच लागते तिथं ती उघडी आणि सगळ्यांना एकच ठेवायची.

२०१९ च्या महापुरात शिरोळकडच्या गावांतून बोटी निघत होत्या तेव्हा बाळंतीण, पोटुशी, म्हातारे, आजारी आधी, धडधाकट गडी शेवटी, हे कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं आणि मी जिथं होते तिथं गावानं ते निमूट पाळलं. बोट डोळ्यासमोर होती, बसणारा दिसत होता. योजनेच्या बाबतीत बोटच दिसत नाही, म्हणून संशय येतो.

तर विचारणाऱ्यांना माझं सांगणं, पोल परत घ्या पण असा घ्या. सहा-आठ जण प्रत्यक्ष बसा, त्यात एक डायलिसिसवाला किंवा त्याच्या घरचा कोणतरी पाहिजे, आणि एक तरी बाई. यादीत हेल्मेट न घातलेला टाका. दारू पिणाऱ्याच्या चिठ्ठीवर त्याच्या घरी कोण आहे ते लिहा. प्रत्येकानं क्रमासोबत कारण सांगायचं, आणि ते कारण शेवटी टाकलेल्या माणसासमोर बोलता येईल असंच पाहिजे. पंधरा दिवसांनी परत बसा. आणि त्याच दरम्यान तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत काय ठरतं ते लोकांना कुठं वाचायला मिळतं ते जाऊन विचारा. योजनेत नाव असलेल्या खाजगी दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटला योजनेत मदत करणारा माणूस, बसलेला असतो, कुणाला योजनेतून नाही म्हटलं तर कारण लेखी मागा, 'बसत नाही' एवढ्यावर उठू नका. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के बेड निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, आज किती भरलेत ते रिसेप्शनला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तिथं टाळाटाळ झाली तर धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या, एका कागदावर, तारीख घालून, पोच घेऊन.